दोन कॅमेरे आणि एक गिधाड

१

माणूस मर्त्य आहे, छायाचित्र अमर आहे.

हे वाक्य रिसोडच्या ‘अमर फोटो स्टुडिओ’च्या पाटीवर लाल अक्षरांत रंगवलेलं आहे. ते मीच लिहून दिलं होतं. मोबदल्यात पासपोर्ट साइजचे फोटो फुकट मिळायचे होते. वाक्याच्या खाली मालकाने, चंपतने, स्वतःच्या बुद्धीने ‘झेरॉक्स, लॅमिनेशन व लग्नाचे कूलर भाड्याने मिळतील’ असं जोडलं, त्यामुळे अमरत्वाला जरा हवा लागते.

फुकटचे फोटो मात्र बँकेतच वारले. नोव्हेंबरात मी पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेलो, तर खिडकीतल्या बाईंनी फोटो उजेडात धरला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं आणि तो परत सरकवला.

"काका, फोटोत माशी हाये."

खरंच होती. माझ्या डाव्या कानाच्या वर, मागच्या पांढऱ्या पडद्यावर, एक काळपट ठिपका. फोटो काढला त्या दिवशी लाईन गेलेली होती, म्हणून चंपतने मला दुकानाबाहेर भर उन्हात स्टुलावर बसवलं आणि मागे पडदा टांगला. बाजारात सोयाबीनचे ढीग पडलेले, बैल उभे. माशांना काय तोटा? पण जिवंत असल्याचा पुरावा द्यायला आलेल्या माणसाच्या डोक्याशी माशी असावी, हे बँकेला पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं नाही. मी दुसरीकडे फोटो काढून घेतले. चंपतला वाईट वाटेल म्हणून त्याला काही बोललो नाही.

तूर शेंगांवर आली आणि चंपतचा चुलतभाऊ धनराज स्वतःच्या शेततळ्यात बुडून मेला.

मरायच्या आधी काढलेल्या त्याच्या फोटोत माशी नव्हती. त्याच्या डोक्यावर गिधाड होतं.

२

शेततळं ज्यांनी पाहिलं नाही त्यांना ते विहिरीपेक्षा सौम्य वाटतं. विहीर खोल असते, काळी असते, भीती घालते. तळं आभाळाकडे तोंड करून निवांत पसरलेलं असतं. पण त्याला आतून काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, कागदावर शेवाळ चढतं, आणि पडलेला माणूस वर चढायला लागला की कागद त्याला सावकाश, काही आवाज न करता, परत खाली नेतो. पोहता येणारा माणूससुद्धा तिथे फक्त उशिरा मरतो.

म्हणून जाणता बागायतदार काठावर खुंटा ठोकतो, त्याला गाठीगाठींचा दोर बांधतो आणि दोराचं टोक पाण्यात सोडून ठेवतो. धनराजही जाणता होता. दुपारी गड्याने त्याला पाहिलं तेव्हा तो पाण्यावर पालथा तरंगत होता आणि दोर खुंट्याला जागच्या जागी होता. लोक म्हणाले, नशीब. दोर हाताशी असून बापड्याला सापडला नाही.

मग त्याच्या बायकोने, ललिताबाईंनी, त्याचा मोबाइल पाहिला. तो घरीच चार्जिंगला लावलेला होता. त्यावर त्याच सकाळी स्टुडिओच्या नंबरवरून एक फोटो आलेला होता. खाली चंपतच्या जोडीला काम करणाऱ्या रवीच्या नावाने लिहिलं होतं, ‘दादा, तळ्याचा फोटो. रवी.’

तळ्याच्या अनुदानासाठी मालकाचा तळ्याशेजारी उभा असलेला फोटो लागतो. आज फोटोवाला येणार, एवढं धनराज घरी सांगून गेला होता. फोटोत तो काठावर कमरेवर हात ठेवून उभा होता. हसत होता. मागे काळा कागद आणि पाणी. वर निळं मोकळं आभाळ, आणि त्या आभाळात, त्याच्या डाव्या कानाच्या वर, पंख मिटलेल्या पाखरासारखं काहीतरी काळपट. आपल्याकडे गिधाड दिसून किती वर्षं झाली कुणास ठाऊक, पण मेलेल्या माणसाच्या फोटोत दिसलेल्या पाखराला चिमणी म्हणायची कुणाची छाती नव्हती. संध्याकाळपर्यंत सगळं रिसोड ते गिधाड आपल्या मोबाइलवर मोठं करकरून पाहत होतं.

ललिताबाईंनी मात्र वर पाहिलंच नाही. त्यांनी नवऱ्याचे पाय पाहिले. पायाशी खुंटा होता.

खुंट्याला दोर नव्हता.

३

"म्हणजे ज्यानं फोटो काढला त्यानं आधी दोर काढून ठेवला, आणि काम झाल्यावर परत बांधला," भिवाजी सर म्हणाले. "इथवर ठाणेदारांचं बरोबर आहे."

भिवाजी सर शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. जगातल्या कुठल्याही वस्तूकडे ते आधी एक डोळा मिटून, हात लांब करून, पेन्सिलीच्या मापाने पाहतात आणि मग तिला दहापैकी गुण देतात. त्यांच्या ओसरीवर मी रोज चहाला असतो. मला त्यांनी अजून पाचाच्या वर नेलेलं नाही.

समोर धम्मदीपा बसली होती. रवीची बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. चहाचा कप तिने हातात धरला होता, प्यायली नव्हती.

"सर, स्टुडिओत दोघंच. चंपतभाऊ दुकानातले फोटो काढते, बाहेरचं काम रवी करते, हे सारं गाव जानते. म्हून रवीलेच नेलं. उद्या वाशीमच्या कोर्टात उभं करून राह्यले त्याले. तुमी दोघांलेही शिकवलं ना? सांगा, रवी असा वाटते का तुमाले?"

"रवी डाळिंब चांगलं काढायचा," सर म्हणाले. "सावलीसकट. चंपत नुसते चेहरे काढायचा. एकदा विचारलं, बाबा, पाय कुठायत? तर म्हणाला, कागद संपला."

"सर, मी डाळिंबाचं नाई विचारून राह्यली."

"माहीत आहे. त्या सकाळी रवी कुठे होता?"

"गाडीवर इंझोरीले निघाला होता, आत्याच्या घरी. कॅमेरा संगंच होता. दुपारी पोचला."

"रस्त्यात कुणी भेटलं?"

"कोनीच नाई."

मी हळूच कपात पाहिलं. आपल्या भागात माणूस गाडीवर इतका लांब जातो आणि त्याला ओळखीचं कुणीच भेटत नाही, हे खरं असलं तरी सांगण्यासारखं नाही. धम्मदीपालाही ते कळत होतं. तिने मोबाइल पुढे केला.

"हे पाहा. दसऱ्याच्या टायमाले आमी दीक्षाभूमीवर गेलतो, तवाचे फोटो. यानंच काढले, त्याच कॅमेऱ्यानं. लेकरायचे, म्हाताऱ्यायचे. असे फोटो काढनारा मानूस कोनाले पान्यात लोटते का?"

सरांनी डोळा मिटला. फोटोत स्तूपाचा पांढरा घुमट होता, खाली माणसांचा सागर, वर ऊन आणि निळं आभाळ. सर त्या फोटोकडे इतका वेळ पाहत राहिले की धम्मदीपाच्या चेहऱ्यावर आशा आली.

"आभाळ छान आहे," सर म्हणाले. "एकदम स्वच्छ. दहापैकी आठ."

ती रडायलाच लागली. मी सरांना डोळ्यांनी दटावलं. ते चप्पल शोधत होते.

"लेखक, उठा. चंपतच्या दुकानात तुमचं वजन आहे ना? पाटीवर तुमचं वाक्य आहे."

४

चंपत काउंटरवर कुणाच्या तरी मार्कशीटला लॅमिनेशन करत होता. सुतकात दुकान उघडावं की नाही, असा प्रश्न कुणी विचारायच्या आत त्याने उत्तर दिलं.

"शटर खाली ठेवून घरी बसलं का दादाच दिसते डोयापुढे. म्हून आलो. बसा सर. काका, बसा."

आत, काळ्या पडद्याच्या खोलीत, तीन पायांच्या घोडीवर एक कॅमेरा उभा होता. त्याच्या बुडातून वायर निघून भिंतीतल्या प्लगात गेली होती. हा थोरला. रवीकडचा तो धाकटा. दुकानात त्यांना याच नावांनी ओळखत.

दोघे एकाच कंपनीचे, पाठोपाठच्या वर्षांत जन्मलेले. वाशीमच्या एका फोटोग्राफरने ड्रोन घेतला तेव्हा दोघे जुन्या बाजारात एकाच पिशवीतून आले. दोघेही दहा मेगापिक्सेलचे, म्हणजे आज गुराख्याच्या खिशातला मोबाइल त्यांना हसतो. अंधार पडला की दोघांना सारखाच मोतीबिंदू. भूकही सारखी, दोघांना बॅटरी एकच लागते. फरक अंगकाठीचा. थोरला धातूचा, हातात घेतला तर अर्धी वीट घेतल्यासारखा, आणि त्याच्या शटरचा आवाज असा की समोरचा माणूस आपोआप ताठ होतो. धाकटा प्लास्टिकचा, हलका, रंग थोडा भडक दाखवणारा. नवरीचा शालू आणि मांडवाची झालर त्याच्याच हातून खुलते.

"यात चांगला कोणता?" सरांनी विचारलं.

चंपतचा चेहरा पहिल्यांदा जरा उजळला. "थोरला. धाकटा लोकायले हसवते. थोरल्याले लोक भेतात. म्या सांगतलं तसे बसतात."

"मग बाहेरच्या कामाला तो का नेत नाहीस?"

"कसा नेऊ? त्याची ब्याटरी कवाच मेली. वायरीवर चालते तो. खुट्याले बांधलेली म्हैस हाये सर, दुकानाबाहेर पायच नाई टाकत."

"त्या दिवशी फोटो कुणी पाठवला?"

"रवीनं. म्या आतमंदी होतो. तो आला, कम्प्युटरवर फोटो उतरवला, दुकानाच्या मोबाइलवरून पाठवला, निंगून गेला. म्या नुसता आवाज आयकला. मंग मीच म्हनलं ठाणेदार सायबाले, मूळ फोटो पाहा कम्प्युटरात. त त्यानं तो पुसून टाकलेला." चंपतने मान हलवली. "मोबाइलवर आलेल्या फोटोले काय, ना आई ना बाप. कोन्या कॅमेऱ्याचा, काई समजत नाई त्यात."

हे तो दुःखाने म्हणाला. निदान मला तरी दुःखच वाटलं.

सरांनी थोरल्याच्या समोरच्या काचेत वाकून पाहिलं. आत बुबुळासारखं काहीतरी काळं होतं. मग त्यांनी मान न वळवता विचारलं, "चंपत, दसऱ्याला याची पूजा केली होती?"

"व्हय. आईनं केली."

"याच्या एकट्याची?"

"धाकटा नागपूरले गेलता ना रवीसंगं. पन काहून विचारून राह्यले?"

"सहज," सर म्हणाले आणि बाहेर आले.

पायरी उतरताना मी मागे वळून पाहिलं. चंपत लॅमिनेशनच्या यंत्राजवळ तसाच उभा होता. यंत्रातून मार्कशीट अर्धवट बाहेर आली होती आणि जळाल्याचा वास सुटला होता.

५

चंपतची आई हिरीबाई गावाबाहेरच्या मळ्यात, टिनाच्या खोलीत राहते. एका बांधाच्या अलीकडे तिचा नि चंपतचा तुकडा, पलीकडे धनराजचा. पलीकडे फुलकोबी हिरवीगार होती, मेथी गुडघ्याला लागत होती, आणि त्या सगळ्याच्या वर, मातीच्या भरावावर, तळं. अलीकडे वांग्यांनी माना टाकल्या होत्या. पानं हातात घेतली तर पापडासारखी मोडत होती. बांधाखालून एक काळा पाइप आलेला होता आणि बांधाशीच करवतीने कापलेला होता.

त्या कापलेल्या तोंडाकडे सर थोडा वेळ पाहत राहिले.

"ते धनराजनं कापलं," हिरीबाई म्हणाली. तिने आम्हाला बाज टाकली होती. "आदी दोघाईचंच पानी होतं ते. पोट्टे लहान होते तवा एका ताटात जेवत. मंग धनराज म्हने, तळं माह्या नावावर हाये. चंपत हात जोडून आला त्याच्यापाशी, या बांधावर. म्या पाह्यलं ना. तो वरून हसत होता." तिने पदराने तोंड पुसलं. "जाऊ द्या. मेलेल्या मानसाचं वाईट बोलू नये."

"काकू, खंडेनवमीला पूजा कशाकशाची केली?" सरांनी विचारलं.

म्हातारीचा चेहरा सैल झाला. एवढा सोपा प्रश्न तिला त्या आठवड्यात कुणी विचारला नसावा.

"साऱ्याईची. इळा, कुदळ, फवारनीचा पंप, मोटर. मंग दुकानात गेली. झेरॉक्सच्या मशिनीले हळद-कुंकू वाह्यलं, कॅमेऱ्याले वाह्यलं. चंपतनं त्याचं काचेचं नळकांडं काढून ठेवलं होतं पुसाले, अन् चहाले गेलता. म्या म्हनलं, वरून लावून काय फायदा? देव त आतमंदी राह्यते. त्याच्या पोटात बोट घालून लावलं कुंकू. आत आरसा हाये वो मास्तर, देव्हाऱ्यातल्यावानी!"

मला वाटतं त्या क्षणी वारा पडला. मेथीसुद्धा हलेना.

"चंपतला सांगितलं?"

"कायले सांगू? तो आला, फुंकर मारली, नळकांडं लावून टाकलं. रव्याचा कॅमेरा नव्हता, नाईतर त्यालेही लावलं असतं. म्या भेदभाव करत नाई." ती थांबली. आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहू लागली. "काहून? बिघडला का तो? माह्या हातानं काई वाईट झालं का?"

भिवाजी सर आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला गुण द्यायचे विसरले.

"नाही काकू," ते म्हणाले. "तुमच्या हातानं काही वाईट झालं नाही."

बांध ओलांडल्यावर त्यांनी माझ्या खिशाकडे बोट केलं.

"तुमचा तो माशी बसलेला फोटो अजून आहे?"

मी पाकिटातून काढून दिला. त्यांनी दुसऱ्या हातात मोबाइलवर धनराजचा फोटो धरला आणि डोळा मिटला. माझा डावा कान. धनराजचा डावा कान. माझी माशी. त्याचं गिधाड.

दोन्ही चौकटीत एकाच जागी बसलेली होती.

"सर," मी म्हणालो, "म्हणजे आता माझी पाळी?"

६

दुसऱ्या दिवशी सकाळी, कोर्टात न्यायच्या आधी, सरांच्या विनंतीवरून ठाणेदार सगळ्यांना तळ्यावर घेऊन आले. ठाणेदार कोल्हापूरकडचे, शांत गृहस्थ. दोन्ही कॅमेरे जीपच्या बॉनेटवर शेजारी शेजारी ठेवले होते. रवी दाढी वाढलेल्या तोंडाने उभा, त्याच्यापासून वीतभर अंतरावर धम्मदीपा. चंपत एकटा. ललिताबाई खुंट्याजवळ जमिनीवर बसलेल्या. हिरीबाईला बोलवायचं नाही, एवढी एकच अट सरांनी घातली होती.

"मला एक माणूस हवा, काठावर उभा करायला," सर म्हणाले आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी कमरेला दोर बांधून घेतला. दुसरं टोक ठाणेदारांनी धरलं. आयुष्यभर सरकारवर लिहिलं आणि शेवटी जीव सरकारच्या हातात दिला. पायाखाली कागद सुरू होत होता. त्याच्यावर शेवाळ होतं, आणि खाली पाणी इतकं गप्प होतं की ते ऐकतंय असं वाटत होतं.

"रवी, धाकट्याने काढ. जुन्या फोटोत आहे तसंच, कॅमेरा उभा धरून, आभाळ सोडून."

रवीने बेडी काढलेल्या हाताने फोटो काढला. सरांनी मागच्या काचेवर पाहिला, ठाणेदारांना दाखवला. मी, आभाळ, बाकी काही नाही.

"आता चंपत. थोरल्याने."

"सर, सांगतलं ना तुमाले. त्याची ब्याटरी मेलेली हाये. इथं वायर कुठून आनू?"

सरांनी खिशातून एक बॅटरी काढली. "ही तुमच्या दुकानाच्या खणातली, कॅमेऱ्यासोबत साहेबांनी आणलेली. रवीची जादा बॅटरी. धाकट्याची थोरल्याला चालते." मग त्यांनी मोठ्याने विचारलं, "लेखक, चंपतनं तुमचा माशीवाला फोटो काढला तेव्हा लाईन होती का?"

"नव्हती. म्हणून तर बाहेर काढला," मी म्हणालो. आणि म्हणताना मला कळलं की म्हैस खुंट्यावरून सुटलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती.

चंपतने बॅटरी बसवली. थोरला डोळ्याला लावला. एक पाऊल पुढे आला, एक मागे गेला. आणि मग, रोजच्या आवाजात, फोटोवाल्याच्या सवयीने, तो म्हणाला,

"काका, मांगं सरा. थोडं अजून."

ललिताबाईंनी मान वर केली. चंपतने कॅमेरा डोळ्यासमोरून खाली घेतला. आपण काय बोललो ते त्याला आमच्या चेहऱ्यांवरून कळलं.

शटर तोवर पडलेलं होतं.

सरांनी थोरला घेऊन त्याची मागची काच ठाणेदारांसमोर धरली. माझ्या डाव्या कानाच्या वर, आभाळात एकही पाखरू नसताना, गिधाड बसलेलं होतं.

"हे पाखरू कॅमेऱ्याच्या पोटात राहतं," सर म्हणाले. "खंडेनवमीला काकूंनी श्रद्धेनं आत कुंकू लावलं. एक कण आतल्या पडद्यावर जाऊन चिकटला. दुकानात उजेड कमी, कॅमेरा डोळा मोठा उघडतो, तेव्हा तो कण दिसत नाही. भर उन्हात डोळा बारीक करावा लागतो, तेव्हा त्याची सावली उमटते. पांढऱ्या पडद्यावर ती माशी झाली, आभाळात गिधाड झाली. धाकटा त्या दिवशी नागपूरच्या वाटेवर होता. त्याला कुणी कुंकू लावलं नाही, त्याचं आभाळ आजही कोरं आहे. तेव्हा साहेब, धनराजचा शेवटचा फोटो थोरल्याने काढला. आणि थोरला दुकानाबाहेर पायच टाकत नाही, असं त्याचा मालक सांगतो."

ठाणेदारांनी चंपतकडे पाहिलं.

"धनराजनं घरी सांगितलं होतं, फोटोवाला येणार," सर पुढे म्हणाले. "म्हणजे कुणीतरी गेलंच होतं, हे लपणार नव्हतं. म्हणून फोटो पाठवायचा, खाली रवीचं नाव टाकायचं. रवी फोटो काढून गेला, धनराज नंतर घसरला. लोकांनी एवढंच समजावं. चंपत, फोटो पाठवताना तू तो पाहिलास, पण तुझ्या सवयीनं पाहिलास. तोंड सरळ आहे, डोळे उघडे आहेत, खांदे सारखे आहेत. झालं. खुंटा पायाशी होता. तू माणसाला खांद्याखाली कधी पाहिलंच नाहीस."

सरांनी थोरला त्याच्या हातात परत दिला.

"तो कोनाचंच आयकत नव्हता, सर," चंपत शेवटी म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "पान्यासाठी हात जोडले, नाई आयकलं. आईनं सांगतलं, नाई आयकलं. पन कॅमेरा डोयाले लावून म्हनलं, दादा, मांगं सरा, त निरा लेकरावानी सरला. हसत हसत. म्हने, तळं पुरं आलं पायजे रे." त्याने थोरला बॉनेटवर ठेवला, जपून, काच वर करून. "हात वर करून करून दोर मांगत होता. दोर माह्याच हातात होता."

ठाणेदारांनी माझ्या कमरेचा दोर सोडला आणि ते चंपतकडे गेले. मी काठावरून एवढ्या लगबगीने उतरलो की माझी एक चप्पल कागदावरून घसरत, सावकाश, काही आवाज न करता पाण्यात गेली. आम्ही सगळे ती बुडेपर्यंत पाहत राहिलो.

जीप गेली. धम्मदीपाने रवीचा हात धरला होता आणि सोडत नव्हती. सर पाठमोरे उभे राहून दूर हिरीबाईच्या टिनाच्या खोलीकडे बघत होते. तिला आता कुणीतरी जाऊन सांगायला हवं होतं. मला वाटलं, इथे काहीतरी बोललं पाहिजे. मरणावर, पाण्यावर, माणसाच्या डोळ्यावर. मी घसा खाकरला. मर्त्य आणि अमर असं काहीतरी जुळतही होतं.

तेवढ्यात ललिताबाई उठल्या. पदराची माती झटकली, मोबाइल काढला आणि रवीपुढे धरला.

"रवीभाऊ, इतका हसरा फोटो त्याईचा दुसरा नाई जी घरात. तेरवीले हार घालाले हाच लागते." त्यांनी नाक पुसलं. "ते गिधाड तेवढं पुसून द्या. अन् जमलं त, निळा कोट घालून द्या."